बाबांचा रिपोर्ट मुलीच्या डॉक्टरांना दाखवा

पत्र

डॉक्टर, मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. माझे मिस्टर दोन वर्षांपूर्वी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेले, तेव्हा ते ३७ वर्षांचे होते. सासरेही चाळिशीतच पोटाच्या दुखण्याने गेले, पण त्या वेळी काही तपासण्या झाल्या नव्हत्या. मला १४ वर्षांची मुलगी आणि ९ वर्षांचा मुलगा आहे. दिवाळीनंतर मुलीच्या कपड्यांना रक्त दिसलं. मला वाटलं पाळीचं असेल. नंतर तिनेच रडत सांगितलं की संडासच्या वेळी रक्त पडतं आणि दिवसातून चार-पाच वेळा जावं लागतं. गावातल्या डॉक्टरांनी उष्णता म्हणून औषध दिलं. सासूबाई गुलकंद आणि सब्जा देतात. थोडं कमी झालं, पण थांबलं नाही.

मिस्टरांच्या ऑपरेशनच्या रिपोर्टमध्ये गाठीशिवाय 'मल्टिपल ॲडेनोमॅटस पॉलिप्स, मोर दॅन हंड्रेड' असं लिहिलंय. त्याचा अर्थ मला तेव्हा कुणी सांगितला नाही. मुलांना हे होईल का? सासूबाई म्हणतात तपासण्या करू नकोस, पोरीच्या नावाला डाग लागेल, तिला कोण करून घेईल. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायचं त्यांच्या मनात आहे. धाकटे दीर ३३ वर्षांचे आहेत, ते म्हणतात मला काही होत नाही, मी कशाला तपासू. भावकीत काहीजण माझ्या पायगुणाला नाव ठेवतात. चांगल्या मुलांना सुया-नळ्या लावणं बरोबर आहे का? मुलीला काय सांगू?

उत्तर

ताई,

सगळ्यात आधी मुलीचं, कारण ते थांबण्यासारखं नाही. शौचातून रक्त, दिवसातून चार-पाच वेळा जावं लागणं आणि वडील ३७व्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेलेले. हे तिन्ही एकत्र असताना कोलोनोस्कोपी करायचीच, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघायचं. वार्षिक परीक्षा झाल्यावर नव्हे, येत्या दोन-तीन आठवड्यांत. गुलकंदाने तिचं काही बिघडलेलं नाही, पण त्याने थोडं बरं वाटलं म्हणून तपासणी पुढे ढकलू नका.

तुमच्या मनात आलेला शब्द मीही टाळणार नाही. १४व्या वर्षी तिला कॅन्सरच झालेला असण्याची शक्यता कमी आहे. मात्र वडिलांना ज्या आजारातून कॅन्सर झाला तो आजार तिच्यात असण्याची शक्यता बरीच आहे, आणि तो आत्ता, कॅन्सर होण्याआधी सापडला तर तिचं पुढचं आयुष्य वडिलांपेक्षा फार वेगळं होऊ शकतं. म्हणून मी घाई करते आहे.

आता त्या रिपोर्टमधली ओळ. ॲडेनोमॅटस पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवलेले छोटे कोंब. सुरुवातीला मसुरीच्या दाण्याएवढे किंवा त्याहूनही लहान. मोठ्या माणसाच्या आतड्यात असे एक-दोन सापडणं नवलाचं नाही, साठीनंतर तर अनेकांना असतात. पण ३७व्या वर्षी शंभराहून जास्त सापडले की त्याला वेगळं नाव आहे: फॅमिलिअल ॲडेनोमॅटस पॉलिपोसिस, डॉक्टर नुसतं एफएपी म्हणतात. साधारण दहा हजार माणसांत एकाला हा असतो. पाचव्या गुणसूत्रावर एपीसी नावाचं जनुक आहे, १९९१ साली ते सापडलं. अस्तराच्या पेशींची वाढ आवरून धरणं हे त्याचं काम. ज्याच्यात ते जन्मापासूनच बिघडलेलं असतं त्याच्या आतड्यात शाळकरी वयातच कोंब यायला लागतात, सरासरी सोळाव्या वर्षाच्या सुमारास. संख्या वाढत शेकड्यांवर, कधी हजारांवर जाते. प्रत्येक कोंब कॅन्सर होत नाही, पण इतक्यांतला एखादा कधी तरी होतोच. काहीच केलं नाही तर एफएपी असलेल्या माणसाला कॅन्सर होण्याचं सरासरी वय ३९ आहे. तुमच्या मिस्टरांचं वय आणि सासऱ्यांचं वय बघा. सासरे नक्की कशाने गेले ते आता सांगता येणार नाही, पण जुळतंय.

म्हणून ती ओळ तेव्हाच कुणीतरी तुम्हाला समजावून सांगायला हवी होती. ऑपरेशन, केमो, खर्च, या धावपळीत मुलांचा विषय राहून जातो, हे मी अनेक घरांत पाहिलंय. पण हा रिपोर्ट जेवढा मिस्टरांचा होता तेवढाच तुमच्या मुलांचाही आहे.

मुलांना होईल का, याचं सरळ उत्तर असं. आई किंवा वडील, कुणा एकाकडे हा बिघाड असला तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. मुलगा-मुलगी असा फरक नाही. एकाला आला म्हणून दुसऱ्याला येणार नाही असंही नाही आणि येईलच असंही नाही, प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र. ज्याच्यात उतरला नाही त्याच्यापासून पुढच्या पिढीला जात नाही, हा आजार एक पिढी लपून पुढच्या पिढीत उगवत नाही. आणि ताई, हा बिघाड तुमच्या सासरच्या रक्तात तुमच्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून आहे. मिस्टर जन्मले तेव्हाच तो त्यांच्यात होता. तुमच्या पायगुणाला नाव ठेवणाऱ्यांना एवढं एक वाक्य सांगा किंवा काहीच सांगू नका, पण स्वतःच्या मनातून ते काढून टाका.

चांगल्या मुलांना नळ्या लावाव्यात का, असं तुम्ही विचारता. तुमची मुलगी आज 'चांगली' नाही, तिला त्रास आहे, त्यामुळे तिच्याबाबतीत हा प्रश्नच नाही. पण मुलाचा विचार करताना लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाचं काम माहीत असावं. १९२०च्या दशकात तिथले शल्यविशारद लॉकहार्ट-ममरी यांनी अशा घराण्यांची नोंदवही ठेवायला सुरुवात केली. कुणाच्या आतड्यात कोंब सापडले, त्याची भावंडं किती, मुलं किती, कोण कुठल्या वयात गेलं. कथबर्ट ड्यूक्स हे पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारे डॉक्टर, त्यांच्यासोबत होते. नुसती नोंद करून ते थांबले नाहीत, घरातल्या बाकीच्यांना त्रास नसतानाही बोलावून तपासू लागले. पुढे डेन्मार्क, स्वीडन, फिनलंडमध्येही अशा नोंदवह्या झाल्या आणि सगळीकडे एकच चित्र दिसलं. त्रास झाला म्हणून जो आला त्याच्यात बहुतेक वेळा कॅन्सर होऊनच गेलेला असायचा, आणि घरातला म्हणून ज्याला आधीच बोलावून घेतलं त्याच्यात क्वचित. आजार तोच, जनुक तेच, फरक फक्त केव्हा पाहिलं याचा. मिस्टरांना कुणी बोलावलं नाही. तुमच्या मुलांना बोलावणारं कुणीतरी आहे, आणि ते तुम्ही आहात.

आता कामाला लागायचं कसं ते.

पहिल्याच भेटीत, मुलीचं नाव-वय सांगून झालं की लगेच हे वाक्य बोला: "हिचे वडील ३७व्या वर्षी कोलनच्या कॅन्सरने गेले, त्यांच्या आतड्यात शंभराहून जास्त पॉलिप होते." आणि रिपोर्ट टेबलावर ठेवा. मुलांमध्ये मोठ्या आतड्याचा कॅन्सर इतका दुर्मीळ आहे की चांगल्या डॉक्टरच्याही मनात तो पटकन येत नाही. जंत, आव, बद्धकोष्ठतेने पडलेली चीर, मूळव्याध, यांचीच नावं निघतात आणि एरवी ती बरोबरही असतात. तुमच्या गावच्या डॉक्टरांना वडिलांचा आजार माहीत होता का, पत्रातून कळत नाही. माहीत नसेल तर त्यांचा दोष धरू नका, पण पुढच्या डॉक्टरांना अंदाज बांधायला लावू नका.

सुरुवात सोलापूरच्या सिव्हिलमधून करता येईल. हिमोग्लोबिन बघायला सांगा, मुलीचं रक्त किती दिवस जातंय कुणास ठाऊक. तुम्ही रोज गावच्या पोरांची वजनं घेता, आपल्या लेकीचंही घ्या आणि सहा महिन्यांपूर्वीचं आठवत असेल तर दोन्ही लिहून न्या. कोलोनोस्कोपी मात्र मुलांची पोटाची दुर्बीण नेहमी करणाऱ्या ठिकाणी व्हावी. म्हणजे पुणे किंवा मुंबई. परळचं टाटा मेमोरियल तुम्हाला नावाने माहीत असेलच, तिथे कॅन्सर जेनेटिक्सची वेगळी ओपीडी आहे, आणि तुमच्या घराला नेमकी तीच हवी. सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघालात तर सकाळी दादरला उतरता येतं, तिथून परळ जवळ आहे. पहिल्या दिवशी फाइल काढण्यात आणि रांगेतच वेळ जाईल, हे धरून चला. त्याच दिवशी दुर्बीण होईल अशी अपेक्षा ठेवली तर मनस्ताप होतो.

सोबत काय न्यायचं: ऑपरेशनचा कागद, पॅथॉलॉजीचा मूळ रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड. आणि एक गोष्ट जिथे ऑपरेशन झालं तिथे आजच फोन करून विचारा. काढलेल्या आतड्याचे छोटे तुकडे मेणात बसवून पॅथॉलॉजी विभाग बरीच वर्षं जपून ठेवतो, त्यांना ब्लॉक म्हणतात. अर्ज केला की घरच्यांना ते मिळतात. मिस्टर आता नाहीत, त्यामुळे त्यांचं रक्त तपासता येणार नाही, पण या ब्लॉकमधून कधी कधी जनुकाची तपासणी करता येते. जमेलच असं नाही, मेणात राहून डीएनए तुटतो. तरी ब्लॉक मागून ठेवा.

हे एवढं महत्त्वाचं का, ते सांगते. जनुकाची तपासणी नीट लागू पडते ती आधी आजारी माणसात बिघाड नेमका कुठे आहे हे सापडलं तर. तो एकदा सापडला की बाकीच्यांत फक्त तेवढीच जागा बघायची, आणि उत्तर हो किंवा नाही असं स्पष्ट मिळतं. तुमच्या मुलीच्या आतड्यात कोंब निघाले तर तिच्या रक्तावरूनच तो बिघाड शोधता येईल. मग मुलाचं थोडंसं रक्त घेतलं की झालं. त्याच्यात तो नसला तर त्याला आयुष्यात एकदाही या कारणासाठी दुर्बीण लागणार नाही, त्याचा धोका तुमच्या-माझ्याएवढाच. शक्यता निम्मी आहे म्हणताना आपण वाईट निम्माच बघतो, पण त्यातला दुसरा निम्मा हा असा आहे.

पण घरात बिघाड सापडलेलाच नसताना मुलाचं एकट्याचं रक्त तपासलं आणि 'निगेटिव्ह' आलं, तर त्यावर विश्वासून बसू नका. तपासणीला बिघाड दिसला नाही एवढाच त्याचा अर्थ होतो. तशा वेळी मुलालाही १० ते १२ वर्षांच्या दरम्यान दुर्बीण सुरू करून ठरावीक काळाने बघत राहावं लागतं. म्हणून क्रम असा ठेवा: मुलीची कोलोनोस्कोपी आधी, तिच्या किंवा मिस्टरांच्या नमुन्यातून जनुक त्यानंतर, मुलगा सगळ्यात शेवटी. तो ९ वर्षांचा आहे, त्याला काही त्रास नाही, त्याच्यासाठी थोडा वेळ आहे. मुलीसाठी मात्र जनुकाच्या रिपोर्टची वाट बघू नका, त्याला आठवडे लागतात.

एक साधी गोष्ट सोलापुरातच होण्यासारखी आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दोन्ही मुलांचे डोळ्यांचे पडदे बघून घ्या. एफएपी असलेल्या काही घराण्यांत पडद्यावर काळसर डाग दिसतात. नजरेला त्यांनी काही होत नाही, पण खूण म्हणून ते उपयोगी पडतात. डाग नाहीत म्हणजे आजार नाही, असा अर्थ मात्र काढायचा नाही. मिस्टरांच्या जबड्यावर किंवा कपाळावर हाडाचे टणक उंचवटे होते का, जास्तीचे दात होते का, तेही आठवून डॉक्टरांना सांगा.

आता मुलीबद्दल. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात जास्त लागलेली ओळ तीच, 'तिनेच रडत सांगितलं'. वडिलांच्या आजाराच्या वेळी ती १२ वर्षांची होती. रक्ताचा अर्थ तिने आपल्या परीने लावलेला असणार, आणि कदाचित म्हणूनच ती इतके दिवस गप्प राहिली. त्यामुळे "काही नाही गं, साधी तपासणी आहे" असं म्हणू नका. ती विश्वास ठेवणार नाही, आणि पुढच्या वेळी काही झालं तर सांगणारही नाही. "काही निघणार नाही" असं वचनही देऊ नका, ते तुमच्या हातात नाही.

साध्या शब्दांत सांगा. धाकटा झोपल्यावर, दोघीच असताना. "बाबांच्या आतड्यात खूप कोंब होते. त्यातल्या एकाचा कॅन्सर झाला, पण तोपर्यंत कुणी आत बघितलंच नव्हतं. तसे कोंब तुझ्या आतड्यात आहेत का ते आपण आत्ताच बघणार आहोत. असले तर डॉक्टर लक्ष ठेवतील आणि वेळेवर काढतील. बाबांच्या वेळी उशिरा कळलं, तुझ्या वेळी आपण लवकर जातोय." मग थांबा. तिला विचारू द्या. "मी मरणार का?" असं ती विचारू शकते. तेव्हा दचकून विषय बदलू नका. "त्यापासून तुला वाचवायलाच आपण चाललोय" हे उत्तर खरं आहे.

आणि तिच्या वयाच्या मुलीला मरणाइतकीच दुसरी भीती असते ती लाजेची. नळी कुठून घालणार हे कळलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं होईल. म्हणून तिला आधीच माहीत असू द्या की तिला झोपेचं औषध दिलेलं असेल, काही जाणवणार नाही. अंगावर गाऊन असेल, लागेल तेवढाच भाग उघडा करतात. झोप लागेपर्यंत आई जवळ थांबू शकते का आणि खोलीत बाई नर्स असेल का, हे तिच्यासमोर डॉक्टरांना विचारा. हे विचारणं तुमचा हक्क आहे, आणि आई आपल्यासाठी बोलते हे तिला दिसेल. तपासणीच्या दिवशी पाळी आली तरी अडत नाही, हेही तिला सांगून ठेवा, नाहीतर ती त्याच काळजीत राहील.

खरं कष्टाचं काम आदल्या दिवशीचं. आतडं पूर्ण रिकामं व्हावं लागतं. आधीचे एक-दोन दिवस बिया, साल, पालेभाजी, भाकरी बंद. आदल्या दिवशी पातळच, म्हणजे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे भाताची पेज गाळून, वरणाचं पाणी, नारळपाणी. बीट किंवा लाल सरबत नको, आत रक्तासारखं दिसतं. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर किती दिवस आधी बंद करायच्या ते विचारा, त्याने शौच काळं होतं आणि दुर्बिणीतून नीट दिसत नाही. संध्याकाळी पावडर कालवलेलं बरंच पाणी प्यावं लागतं. त्याची खारट चव मुलांना अजिबात सहन होत नाही. ते गार करून, स्ट्रॉने, थोडं थोडं द्या, मध्ये लिमलेटची गोळी चघळायला चालते का ते विचारा. मळमळलं तर अर्धा तास थांबून पुन्हा. शेवटी फिकट पिवळं, स्वच्छ पाणी पडायला लागलं की तयारी झाली. हे सगळं मुंबईत सार्वजनिक संडासाच्या भरवशावर करू नका. लेकीची फार परवड होते. एका रात्रीपुरती का होईना, संडास असलेली खोली बघा. शाळेतही तोवर तिला तासाच्या मध्ये उठून जाऊ द्यावं म्हणून वर्गशिक्षिकेला एकटीला सांगून ठेवा. पोटाची औषधं चालू आहेत एवढं कारण पुरे.

दुर्बिणीत काय दिसू शकतं? एखादाच मोठा देठाचा कोंब निघाला तर तो बहुधा जुव्हेनाइल पॉलिप. लहान मुलांत रक्त पडण्याचं ते नेहमीचं कारण, कॅन्सरशी त्याचा संबंध नाही, दुर्बिणीतूनच काढून टाकतात. आतड्याला सूज आणि जखमा दिसल्या तर तो वेगळा आजार, त्याची औषधं वेगळी. आणि अस्तरभर बारीक कोंब दिसले तर तुकडा तपासून एफएपीचं निदान पक्कं होतं.

तसं निघालं तरी दुसऱ्या दिवशी ऑपरेशन नसतं. कोंब लहान आणि मोजके असतील तर दरवर्षी दुर्बीण करून वाट बघतात. मोठे झाले, फार वाढले, रक्त थांबेना, किंवा तुकड्यात पेशी बिघडत चालल्याचं दिसलं की मोठं आतडं काढायचं ठरतं. सगळं ठीक असेल तर दहावी-बारावीच्या वेळा बघून, किशोरवयाच्या शेवटी हे ऑपरेशन करतात. मोठ्या आतड्याशिवाय माणूस जगतो का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. जगतो, आणि चांगला जगतो. जेवण पचवण्याचं मुख्य काम लहान आतडं करतं. दिवसातून तीन-चार वेळा, कुठल्या प्रकारचं ऑपरेशन आहे त्यावर कधी जास्त वेळा, पातळसर शौचाला जावं लागतं. शाळा, नोकरी, लग्न, बाळंतपण, सगळं होतं.

इथे मुलीसाठी एक मुद्दा आहे, तो सर्जनना तुम्ही स्वतः विचारा. एका प्रकारात गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा अगदी शेवटचा भाग, ठेवून लहान आतडं त्याला जोडतात. दुसऱ्यात गुदाशयही काढून लहान आतड्याची पिशवी करून खाली जोडतात, त्यात काही महिने पोटावर शौचाची थैलीही लागू शकते. दुसऱ्या प्रकारात ओटीपोटात खोलवर काम होतं आणि त्यानंतर दिवस राहायला अडचण येण्याचं प्रमाण वाढतं. गुदाशयात कोंब थोडेच असतील तर मुलींसाठी पहिला प्रकार निवडून पुढे दरवर्षी गुदाशय तपासत राहतात. मूल होण्याचा विचार कुणी चौदा वर्षांच्या मुलीसमोर काढत नाही, पण आईने काढायला हवा. कोंब कमी करणारी औषधंही आहेत, ती थोडा काळ उपयोगी पडतात, ऑपरेशनची जागा घेत नाहीत. कुठला काढा, कुठला रस किंवा पथ्य या कोंबांना थांबवतं असं कुणी सांगितलं तर पैसे घालवू नका.

समजा दुर्बिणीत कॅन्सरच निघाला, तर? तोही बरा होऊ शकतो, किती पसरला आहे त्यावर ते असतं. आणि तरीही आज सापडणं सहा महिन्यांनी सापडण्यापेक्षा केव्हाही बरं.

दिरांना हे पत्र वाचायला द्या. दादा, तुम्हाला काही होत नाही हे खरं असेल, तुमच्या भावालाही ३३व्या वर्षी काही होत नव्हतं. भावात हा बिघाड वडिलांकडून आला असेल तर तुमच्यातही तो असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि तुमचं वय कोंब असण्याचं आहे. एकदा कोलोनोस्कोपी करा. तुमचं लेकरू पाच वर्षांच्या आतलं असेल आणि बिघाड तुमच्यात निघाला तर त्याच्याबद्दल आणखी एक गोष्ट डॉक्टरांना विचारायची आहे: अशा घराण्यातल्या फार लहान मुलांत यकृताची हेपॅटोब्लास्टोमा नावाची कॅन्सरची गाठ इतर मुलांपेक्षा जास्त आढळते. प्रमाण थोडंच आहे, पण सोनोग्राफी आणि एका रक्ततपासणीवर लक्ष ठेवता येतं. ताई, नणंद असतील तर त्यांनाही कळवा. सासरी गेल्या म्हणून त्या या आजारातून सुटलेल्या नसतात, आणि त्यांची मुलंही.

सासूबाईंवर रागावू नका. नवरा गेला, मुलगा गेला, आता नातीचं नाव निघालं. त्यांना नको वाटतंय ते दुःखाने. त्यांना रिपोर्ट वाचून दाखवण्यापेक्षा विचारा, "आई, मामंजींना नेमकं काय काय होत होतं?" शौचातून रक्त जायचं का, वजन कधीपासून उतरलं, त्यांच्या भावंडांत कुणी असं गेलं का. ही माहिती डॉक्टरांना खरोखर हवी असते आणि ती फक्त त्यांच्याकडे आहे. सोबत मुंबईला यायचं म्हणाल्या तर न्या. नारायण नागबळी करायचं त्यांच्या मनात असेल तर करू द्या, मनाला धीर मिळत असेल तर माझं काही म्हणणं नाही. फक्त तारीख कोलोनोस्कोपीच्या नंतरची घ्या आणि हातातले पैसे आधी तपासणीला ठेवा.

आणि लग्नाचं. चौदा वर्षांच्या मुलीच्या तपासणीची गावाला खबर द्यायची काहीच गरज नाही. डॉक्टर ती बाहेर सांगू शकत नाहीत, आणि भावकीत ज्यांचं रक्त एक आहे त्यांच्याशिवाय कुणाला सांगणं तुमच्यावर बंधनकारक नाही. पुढे तिचं लग्न ठरेल तेव्हा मात्र त्या मुलाला तिने खरं सांगावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला ते कळण्याचा हक्क आहे, आणि मुलं होऊ देताना हा बिघाड पुढे जाऊ नये यासाठी आज काही उपायही आहेत, ते दोघांनी मिळून ठरवायचे असतात. ऐकून एखादं स्थळ परत जाईल. जाऊ दे. तपासणी न केल्याने आजार जात नाही, तो फक्त तिच्या सासरी, तिशीत, लहान लेकरं पदरी असताना कळतो. तुम्ही स्वतः त्यातून गेला आहात, त्यामुळे हे मी तुम्हाला जास्त सांगायला नको.

पैशांचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. यात मुख्यतः भरती करून होणारे उपचार बसतात, नुसती दुर्बीण बसेलच असं नाही, म्हणून तपासणी सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयात करावी. रेशन कार्ड आणि दोघींची आधार कार्डं सोबत ठेवा आणि योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर आधी जा. जनुकाच्या तपासणीचा खर्च बाहेर बराच येतो, त्यासाठी जेनेटिक्स ओपीडीतल्या समाजसेवकांना भेटल्याशिवाय खासगी लॅबमध्ये रक्त देऊ नका.

बाकीच्या वाचकांसाठी दोन शब्द, कारण हे वाचून ज्याच्या-त्याच्या मुलाचं पोट दुखू लागेल. मुलांची पोटदुखी बहुतेक वेळा साधी असते. मुलांच्या आतड्यात कॅन्सर झालाच तर तो बहुधा लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर असतो, पोटात गोळा लागतो किंवा आतड्यात आतडं अडकतं. तो झपाट्याने वाढतो, पण लवकर केमोथेरपी मिळाली तर बहुतेक मुलं बरी होतात. पोटदुखीबरोबर शौचातून वारंवार रक्त, उतरणारं वजन, झोपेतून उठवणारं दुखणं, हिरवी उलटी, हाताला लागणारा गोळा किंवा कारण न सापडणारा फिकेपणा असेल तर थांबू नका. आणि घरात कुणी पन्नाशीच्या आत आतड्याच्या कॅन्सरने गेलं असेल तर रिपोर्टमध्ये पॉलिप एकही नसला तरी डॉक्टरांना सांगा. लिंच सिंड्रोमसारख्या दुसऱ्या आनुवंशिक आजारात कोंब फारसे नसतात.

ताई, आज करायच्या गोष्टी दोनच. ब्लॉकसाठी पॅथॉलॉजी विभागाला फोन, आणि मिस्टरांच्या रिपोर्टच्या चार झेरॉक्स: एक मुलीच्या फाइलला, एक मुलाच्या, एक दिरांच्या हातात, एक नणंद असतील तर त्यांना पोस्टाने. मूळ प्रत कुणालाही देऊ नका.